ऑप्टिक टेक्टम आणि सुपीरियर कॉलिक्युलस: माशापासून माकडापर्यंत तुलना नेमकी कशी करायची?

दृक्पटल

दृष्टी आणि मेंदू म्हटलं की चर्चा थेट मेंदूच्या मागच्या टोकाला, दृश्य कॉर्टेक्सवर (प्रमस्तिष्काच्या बाहेरच्या थरावर) जाऊन पोचते. पण मासे, बेडूक, सरडे आणि पक्षी यांच्यात डोळ्यातून निघणाऱ्या तंतूंचा सगळ्यात मोठा गठ्ठा तिकडे जातच नाही. तो जातो मध्यमेंदूच्या छतात, म्हणजे ऑप्टिक टेक्टममध्ये. सस्तन प्राण्यांत हाच भाग सुपीरियर कॉलिक्युलस म्हणून ओळखला जातो. हा धागा या भागाच्या तुलनात्मक रचनेसाठी.

आधी सगळीकडे सारखं काय ते. लॅम्प्रेसारख्या जबडा नसलेल्या प्राण्यापासून माकडापर्यंत चार गोष्टी टिकून आहेत.

दृष्टिपटलाचा नकाशा वरच्या थरांत जसाच्या तसा उमटतो. दृष्टिपटलाचा कानाकडचा भाग टेक्टमच्या पुढच्या टोकाला आणि नाकाकडचा भाग मागच्या टोकाला जोडलेला असतो. दृष्टिपटलाचा खालचा भाग, म्हणजेच दृश्याचा वरचा भाग, मध्यरेषेजवळ येतो. वरचे थर डोळ्याकडून माहिती घेतात, त्याखालच्या थरांत स्पर्श, ध्वनी, तापमान अशी इतर इंद्रियं येऊन मिळतात आणि तिथूनच हालचालीचे तंतू बाहेर पडतात. बाहेर जाणाऱ्या वाटा दोन. विरुद्ध बाजूला ओलांडणारी वाट वस्तूकडे वळवते, त्याच बाजूने खाली जाणारी वाट वस्तूपासून दूर नेते. चौथी गोष्ट म्हणजे शेजारचं जोडीदार केंद्रक, म्हणजे पेशींचा गट: माशांत, उभयचरांत आणि पक्ष्यांत न्यूक्लिअस इस्थमाय, सस्तन प्राण्यांत पॅराबायजेमिनल. टेक्टमशी त्याची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते.

आता माझा मुख्य मुद्दा. "सस्तन प्राण्यांत कॉर्टेक्स आला आणि टेक्टम मागे पडला" हे वाक्य पाठ्यपुस्तकांतही दिसतं. त्याला आधार म्हणून टक्केवारी देतात: उंदरात दृष्टिपटलाच्या गँग्लिऑन पेशींपैकी (डोळ्यातून मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी) सुमारे ८५ ते ९० टक्के पेशी कॉलिक्युलसला तंतू पाठवतात, मकाक माकडात साधारण १० टक्के. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा. उंदराच्या एका डोळ्यात अशा पेशी सुमारे ४५ हजार, मकाकच्या एका डोळ्यात सुमारे १५ लाख. म्हणजे उंदरात जेमतेम ४० हजार तंतू कॉलिक्युलसला पोचतात, मकाकमध्ये दीड लाखाच्या घरात. वाट अरुंद झालेलीच नाही, शेजारी दुसरी खूप रुंद वाट तयार झाली.

म्हणून तुलना आधी जोडण्यांवरून करावी, मग थरांवरून आणि सगळ्यात शेवटी आकारावरून.

---

किरणोत्सुक

उत्तम सुरुवात. थरांबद्दल एक अडचण आहे. बेडकाच्या टेक्टमचं वर्णन वाचलं की दृष्टिपटलाचे तंतू नवव्या थरात येतात असं म्हणतात, पक्ष्यांचं वाचलं की दुसऱ्या ते सातव्या थरात, आणि सरड्याचं वाचलं तर सगळ्यात बाहेरचा थर चौदावा निघतो. मग बेडकाचा नववा आणि पक्ष्याचा नववा एकच का?

---

पंखवेध

नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली गल्लत होते. क्रमांक देण्याची दिशाच वेगळी आहे.

बेडकात क्रमांक आतून बाहेर जातात. मेंदूतल्या द्रवभरल्या पोकळीला लागून असलेला अस्तर-पेशींचा थर पहिला, पृष्ठभागाजवळचा नववा. दृष्टिपटलाचे तंतू मुख्यतः आठव्या-नवव्यात, आणि पेशींचा दाट पट्टा सहाव्यात. सरपटणाऱ्या प्राण्यांत पेद्रो रामोन यांची १४ थरांची पद्धत चालते, तीही आतून बाहेर. पक्ष्यांत मात्र त्यांचे बंधू सांतियागो रामोन इ काहाल यांची १५ थरांची पद्धत रूढ आहे आणि ती बाहेरून आत जाते: पहिला थर तंतूंचा, पंधरावा पोकळीच्या अस्तराचा. सख्ख्या भावांच्या दोन पद्धती उलट दिशांना धावतात.

पक्ष्यांत डोळ्याचे तंतू २ ते ७ या थरांत संपतात, पण सहावा वगळून. तेरावा थर मोठ्या पेशींचा. या पेशींच्या फांद्या वरपर्यंत पोचतात आणि टोकाला ब्रशसारख्या झुपक्यात संपतात. तिथून पुढे थॅलॅमस या मधल्या थांब्यातलं न्यूक्लिअस रोटंडस आणि मग प्रमस्तिष्कातलं एन्टोपॅलियम.

सस्तन प्राण्यांत सात थर, बाहेरून आत: झोनल, वरचा करडा, ऑप्टिक, मधला करडा, मधला पांढरा, खोल करडा, खोल पांढरा. पहिले तीन दृष्टीचे, उरलेले बहुइंद्रिय आणि हालचालीचे. इथे "ऑप्टिक" थर तिसरा आहे, म्हणजे तंतू खालून वर चढून शेवट करतात. पक्ष्यांत आणि बऱ्याच माशांत ते पृष्ठभागाजवळून येतात आणि खाली उतरतात. नुसत्या खोलीवरून थर जुळवले तर तंतूंचा थर आणि पेशींचा थर यांची अदलाबदल होते.

तक्ता करताना क्रमांकाचा रकाना ठेवूच नका. "डोळ्याचे तंतू कुठे संपतात", "थॅलॅमसकडे जाणाऱ्या पेशी कुठे", "मेंदूखोडाकडे जाणाऱ्या पेशी कुठे" असे तीन रकाने ठेवा. त्यात सगळे प्राणी बसतात.

---

जलतरंग

माशांची भर घालतो. झेब्राफिशमध्ये पृष्ठभागापासून आत: मार्जिनल थर, ऑप्टिक थर, वरचा तंतुमय-करडा थर, मधला करडा, मधला पांढरा आणि पोकळीलगतचा पेरिव्हेंट्रिक्युलर थर. शेवटच्या थरात पेशींची इतकी गर्दी असते की पेशी रंगवणाऱ्या निस्सल रंगकामात तो गडद जांभळा पट्टा दिसतो. अळीअवस्थेत डोळ्याचे तंतू मेंदूत दहा ठिकाणी फांद्या करतात. त्यातलं दहावं, आणि सगळ्यात मोठं, म्हणजे टेक्टम.

माशांच्या छेदात दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली, टोरस लाँगिट्युडिनालिस. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, टेक्टमच्या आतल्या कडेखाली लोंबणाऱ्या बारीक पेशींच्या दोन दोऱ्या. हा भाग फक्त किरणपंखी माशांत आहे आणि मार्जिनल थरातले तंतू तिथूनच येतात. बेडकात किंवा कोंबडीत तो शोधत बसू नका. नावात "टोरस" असल्यामुळे तो टोरस सेमिसर्क्युलारिसशी जोडला जातो, पण सेमिसर्क्युलारिस हा पूर्ण वेगळा, ऐकण्याशी संबंधित भाग आहे.

दुसरी, व्हॅल्व्हुला. अनुमस्तिष्काचा हा भाग पुढे सरकून टेक्टमखालच्या पोकळीत शिरतो. आडव्या छेदात तो टेक्टमच्या आत, त्याचाच खोल थर असल्यासारखा दिसतो. अनेक विद्यार्थी त्याचं क्षेत्रफळ टेक्टममध्ये मोजतात आणि आकडा भलताच फुगतो. दोघांमधली पोकळीची फट शोधायची. फट दिसली की पलीकडचं अनुमस्तिष्क.

---

सूक्ष्मछेद

तुलनेसाठी छेद तयार करायची पद्धत लिहितो. प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, ती आहे असं धरून.

आधी सलाइन, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४, हृदयातून सोडायचं. सलाइन कमी पडलं तर रक्तपेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रंगकामात लहान न्यूरॉनसारख्या दिसतात. पक्षी, बेडूक आणि मासे यांच्या तांबड्या पेशींत पेशीकेंद्रक असल्यामुळे हा घोटाळा त्यांच्यात जास्त होतो. मेंदू काढून त्याच द्रावणात रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवायचा.

मग ३० टक्के सुक्रोज. मेंदू तळाला बसेपर्यंत थांबायचं. उंदराचा मेंदू साधारण एक-दोन दिवसांत बसतो, कबुतराचा थोडा जास्त वेळ घेतो. तरंगत असताना गोठवला तर आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि टेक्टमच्या वरच्या थरांत भोकं पडतात. ती भोकं पेशी नसलेली जागा म्हणून मोजली जाऊ शकतात.

छेद ४० मायक्रॉनचे. झेब्राफिशसारखा काही मिलिमीटरचाच मेंदू असेल तर पॅराफिनमध्ये ८ ते १० मायक्रॉन. पण पॅराफिनमध्ये ऊती बरीच आकसते. एका प्राण्याचे गोठवलेले आणि दुसऱ्याचे पॅराफिनचे छेद घेऊन थरांची जाडी कधीही थेट ताडून बघू नका.

रंगकाम: जिलेटिन लावलेल्या काचपट्टीवर छेद पूर्ण वाळवा, चरबी काढा, नाहीतर पांढऱ्या थरांवर जांभळं धुकं राहतं. मग ०.१ टक्का क्रेसिल व्हायोलेट, थोडं ॲसिटिक ॲसिड घालून, ५ ते १० मिनिटं. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दोन थेंब ॲसिटिक ॲसिड घालून जादा रंग काढायचा. हे घड्याळावर नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पेशी गडद आणि मागची जागा जवळजवळ स्वच्छ झाली की लगेच शुद्ध अल्कोहोल, झायलीन, आणि कव्हर स्लिप. अल्कोहोलमध्ये रेंगाळलात तर वरच्या करड्या थरातल्या लहान पेशी आधी फिक्या होतात, आणि "या प्राण्यात वरचा थर विरळ आहे" असा खोटा निष्कर्ष निघतो.

---

उत्तररेषा

आकारमान मोजायचं असेल तर? छेद वाळल्यावर चपटे होतात ना?

---

सूक्ष्मछेद

होतात, म्हणून वाळलेली जाडी वापरायची नाही, मायक्रोटोमवर लावलेली वापरायची. कॅव्हालिएरी पद्धत: ठरावीक अंतराने घेतलेल्या छेदांच्या क्षेत्रफळांची बेरीज गुणिले दोन छेदांमधलं अंतर. ४० मायक्रॉनचे छेद, प्रत्येक सहावा घेतला, तर अंतर ०.२४ मिलिमीटर. क्षेत्रफळांची बेरीज ३० चौरस मिलिमीटर आली तर आकारमान ७.२ घन मिलिमीटर. पहिला छेद यादृच्छिक निवडायचा. दरवेळी "सुंदर दिसतो तिथून" सुरुवात केली तर टोकाचे लहान छेद सुटतात.

जाडीचं गणित आणखी फसवं. छेद थराला काटकोनात नसेल तर थर जाड दिसतो. खरी जाडी म्हणजे मोजलेली जाडी गुणिले कलाच्या कोनाची कोसाइन. ३० अंश कललेला छेद जाडी १५ टक्क्यांनी वाढवून दाखवतो, ४५ अंशांचा ४१ टक्क्यांनी. दोन प्रजातींमध्ये १५ टक्क्यांचा फरक सापडला तर आधी छेदाचा कोन तपासा.

---

पंखवेध

पक्ष्यांत हा कोन जास्तच छळतो. मासा आणि बेडूक यांचं टेक्टम वर, पाठीकडे असतं. पक्ष्यांत प्रमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क इतके वाढले आहेत की टेक्टमचे दोन गोल बाजूला आणि खाली ढकलले गेले. मध्यरेषेवरून त्यांना जोडणारी पट्टी ताणून पातळ झाली. त्यामुळे माशात "मध्यरेषेकडचं" असलेलं टोक पक्ष्यात "वरचं" होतं. नकाशा तोच, फक्त फिरलेला. तुलनेत वर-खाली, आत-बाहेर हे शब्द टाळून दृश्याचा भाग लिहा: वरचं दृश्य, खालचं दृश्य, समोरचं, बाजूचं.

---

सर्पगंध

सापांचा उल्लेख केल्याशिवाय खालच्या थरांचं महत्त्व कळणार नाही.

रॅटलस्नेकसारख्या खळगेधारी सापांत डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असतो. त्यातला पडदा सुमारे १५ मायक्रॉन जाड. उष्णता ओळखणारी वाहिनी टीआरपीए१ असल्याचं २०१० मध्ये दाखवलं गेलं. इथून निघणारे तंतू दृष्टीच्या नसेतून नव्हे, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून येतात. मेंदूखोडात त्यांच्यासाठी वेगळं केंद्रक आहे, तिथून न्यूक्लिअस रेटिक्युलारिस कॅलोरिस, आणि तिथून विरुद्ध बाजूचं टेक्टम. म्हणजे गालाच्या स्पर्शाची नस दृष्टीच्या नकाशावर येऊन बसते.

डोळ्याचा नकाशा वरच्या थरांत, उष्णतेचा त्याखाली, दोन्ही ढोबळपणे एकमेकांवर जुळलेले. १९७८ मध्ये हार्टलाइन, कास आणि लूप यांनी दोन्ही इंद्रियांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या. नंतर अशा पेशींचे सहा प्रकार वर्णिले गेले: काही दोन्हीपैकी एकावरही चालतात, काहींना दोन्ही लागतात, काहींचा प्रतिसाद दुसऱ्या इंद्रियाने वाढतो, काहींचा दबतो.

गव्हाणी घुबडात हेच ध्वनीने होतं. क्नुडसेन यांनी पिल्लांच्या डोळ्यांवर दृश्य बाजूला सरकवणारे प्रिझम बसवले तेव्हा टेक्टममधला ध्वनीचा नकाशा हळूहळू सरकून दृष्टीच्या नकाशाशी पुन्हा जुळला. वादात डोळा जिंकतो, चुकीचं दाखवत असला तरी.

---

किरणोत्सुक

मग नकाशा शिकून तयार होतो की जन्मजात असतो?

---

दृक्पटल

डोळ्याचा ढोबळ नकाशा रासायनिक खुणांवर बनतो. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात न्यूट (शेपटीवाला उभयचर) आणि बेडूक यांचा डोळा १८० अंशांत फिरवला आणि दृष्टीची नस कापली. नस पुन्हा वाढली, पण प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच जागी गेला. परिणामी समोर वर दिसणाऱ्या भक्ष्यासाठी बेडूक मागे खाली झेपावत राहिला, आणि ती वागणूक सुधारली नाही. १९९० च्या दशकात त्या खुणा सापडल्या: टेक्टममध्ये एफ्रिन-ए ही प्रथिनं मागच्या टोकाला जास्त, दृष्टिपटलात त्यांचे ग्राहक कानाकडच्या बाजूला जास्त. जास्त ग्राहक असलेले तंतू जास्त एफ्रिन असलेल्या जागेपासून मागे हटतात आणि पुढेच थांबतात.

घुबडात सरकतो तो ध्वनीचा नकाशा, डोळ्याचा नाही. दोन प्रयोगांत विरोध नाही.

---

उत्तररेषा

सॅलॅमँडर या शेपटीवाल्या उभयचराचं टेक्टम अगदी साधं दिसतं, जवळजवळ सगळ्या पेशी पोकळीलगत. मग ती मूळ अवस्था मानायची का?

---

जलतरंग

मानू नये. शार्क, किरणपंखी मासे आणि बेडूक यांच्यात थर स्पष्ट आहेत, त्यामुळे थर असलेलं टेक्टम जुनं आणि सॅलॅमँडरचं साधेपण नंतरचं. गेरहार्ड रोथ आणि सहकाऱ्यांनी त्याची जोड जनुकसंचाच्या आकाराशी लावली. सॅलॅमँडरचा जनुकसंच प्रचंड, म्हणून पेशी मोठ्या, संख्या कमी, वाढ मंद, आणि पोकळीकडून बाहेर सरकण्याचा टप्पा अर्धवट राहतो.

पण साधं म्हणजे कमकुवत नव्हे. जीभ फेकून शिकार करणाऱ्या बोलिटोग्लॉसिनी गटात त्याच बाजूच्या डोळ्याकडून टेक्टमला येणारे तंतू भरपूर आहेत, अंतराचा अंदाज त्यावर चालतो. निस्सल छेद बघून हे कधीच कळलं नसतं. जोडण्या रंगवाव्या लागतात.

---

सूक्ष्मछेद

जोडण्या रंगवण्याबद्दल थोडक्यात. जिवंत प्राण्यात कॉलरा टॉक्सिनचा बी उपघटक (तंतूंतून वाहत जाऊन त्यांची वाट दाखवणारा पदार्थ) डोळ्याच्या काचरद्रवात टोचायचा. उंदरात एक-दोन मायक्रोलिटर पुरतात, दोन-तीन दिवस थांबायचं. बेडूक-मासे यांच्यात तापमान कमी असल्यामुळे वहन मंद, दिवस वाढवावे लागतात. स्थिरीकरण झालेल्या ऊतीत डायआय हा रंग वापरता येतो, ३७ अंशांवर आठवडे लागतात. भ्रूणात उत्तम चालतो, प्रौढ मेंदूत मायलिनमुळे काही मिलिमीटरवर अडतो. डायआय चरबीत विरघळतो, म्हणून ट्रायटन, अल्कोहोल, झायलीन काहीही लावायचं नाही. व्हायब्रेटोमवर १०० मायक्रॉनचे छेद घेऊन लगेच बघायचे.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी: रंग डोळ्याबाहेर गळला का? डोळा हलवणाऱ्या स्नायूंनी तो उचलला तर ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ॲब्ड्युसेन्स या केंद्रकांतल्या पेशी उजळतात. त्यांत रंग दिसला तर तो प्राणी मोजणीतून बाद.

---

पंखवेध

एक अपवाद. पक्ष्यांत मध्यमेंदूच्या मागच्या भागातलं इस्थमो-ऑप्टिक केंद्रक उजळलं तर ती गळती नाही. तिथल्या पेशी खरोखरच विरुद्ध बाजूच्या डोळ्याला तंतू पाठवतात. हे केंद्रक उजळलं आणि डोळ्याच्या स्नायूंची केंद्रकं कोरी राहिली, तर इंजेक्शन नीट झालं असं समजा.

---

उत्तररेषा

फळखाऊ वटवाघळं माकडांच्या गटाची नातलग आहेत का, हा जुना वाद याच विषयातला ना?

---

दृक्पटल

हो. बहुतेक सस्तन प्राण्यांत एका बाजूच्या कॉलिक्युलसवर विरुद्ध बाजूच्या डोळ्याचं अख्खं दृष्टिपटल उमटतं. प्रायमेट गटात (माकडं, माणूस इत्यादी) मात्र फक्त विरुद्ध बाजूचं अर्धं दृश्य, दोन्ही डोळ्यांकडून. १९८६ मध्ये जॅक पेटिग्रू यांनी मोठ्या फळखाऊ वटवाघळांत प्रायमेटसारखी मांडणी दिसल्याचं सांगितलं आणि ती प्रायमेटची नातलग असावीत असं मांडलं. पुढे रूसेटस या दुसऱ्या फळखाऊ वटवाघळात इतर सस्तन प्राण्यांसारखीच मांडणी मिळाली, आणि डीएनएने सगळी वटवाघळं एकाच गटाची असल्याचं ठरवलं.

माझ्या मते या प्रकरणातून काढण्याजोगी गोष्ट म्हणजे, एका जोडणीवर वंशवृक्ष उभा करू नये. वंशवृक्ष आधी घ्यावा आणि जोडणी त्यावर ठेवून बघावी.

---

किरणोत्सुक

आणि आकाराचं काय? खारीचा कॉलिक्युलस खूप मोठा असतो असं वाचलंय.

---

जलतरंग

तेवढ्याच वजनाच्या घुशीपेक्षा खारीचा कितीतरी पट मोठा. दिवसा वावरणारी, झाडांवर उड्या मारणारी, वरून येणाऱ्या शिकारी पक्ष्यावर नजर ठेवणारी. उलट टोकाला आंधळा मोल-रॅट स्पालॅक्स: डोळे कातडीखाली, प्रतिमेशी संबंधित केंद्रं अतिशय आक्रसलेली, पण दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारं सुप्राकायॅस्मॅटिक केंद्रक शाबूत. प्रतिध्वनीवर उडणाऱ्या वटवाघळांत आणि डॉल्फिनमध्ये ऐकण्याचा इन्फीरियर कॉलिक्युलस शेजारच्या सुपीरियरपेक्षा मोठा.

पण "मेंदूच्या किती टक्के" हा हिशेब सावधपणे. कॉर्टेक्स वाढला की बाकी सगळ्याचा टक्का आपोआप घसरतो, आकारमान तेवढंच असलं तरी. भाजक म्हणून संपूर्ण मेंदूऐवजी मेंदूखोड घ्या, किंवा शरीराच्या वजनाशी लॉग-लॉग आलेख काढा.

---

उत्तररेषा

शेवटचा प्रश्न. ऑक्टोपसचा ऑप्टिक लोब या तक्त्यात घालायचा का?

---

दृक्पटल

वेगळ्या तक्त्यात घाला. ऑक्टोपसच्या दृष्टिपटलात गँग्लिऑन पेशीच नाहीत. प्रकाशग्राहक पेशींचे तंतू थेट ऑप्टिक लोबमध्ये जातात, म्हणजे आपल्या दृष्टिपटलात होणारं बरंचसं काम त्या लोबच्या बाहेरच्या थरांत होतं. शिवाय त्यांचे तंतू वर-खाली ओलांडतात, आपल्यासारखे डावे-उजवे नाहीत. त्याच्या बाहेरच्या थरांची तुलना टेक्टमशी नाही, आपल्या दृष्टिपटलाशी करा, आणि तीही कामाची, वंशाची नाही. कीटकांचे लॅमिना, मेड्युला, लोब्युला यांनाही हाच नियम.

तुमच्या तक्त्याला सुरुवात करायची तर लॅम्प्रे, झेब्राफिश, बेडूक, कबुतर, उंदीर आणि मकाक हे सहा घ्या. सहाही प्राण्यांच्या जोडण्यांवर भरपूर काम प्रसिद्ध आहे, त्यामुळे पंखवेध यांनी सांगितलेले तिन्ही रकाने स्वतः छेद न करताही भरता येतील. साप आणि घुबड नंतर जोडा, चौथ्या रकान्यासह: खालच्या थरात दुसरं कोणतं इंद्रिय, आणि ते कोणत्या केंद्रकातून येतं.